रँडम हेक्स स्ट्रिंग कशी तयार करावी

हेक्साडेसिमल ही सोळाच्या पायावरची अंकपद्धती आहे. तीत शून्य ते नऊ हे दहा अंक आणि पुढे ए ते एफ ही सहा अक्षरे, अशी सोळा चिन्हे असतात. सोळा हा दोनाचा चौथा घात असल्यामुळे प्रत्येक चिन्हात बरोबर ४ बिट मावतात आणि दोन चिन्हांत एक पूर्ण बाइट. संगणकाच्या स्मृतीतले बाइट माणसाला वाचता येतील अशा रीतीने लिहिण्याची ही सर्वांत सरळ पद्धत म्हणता येईल. सेशनचा क्रमांक, पासवर्ड बदलण्याच्या दुव्यातील टोकन, एपीआयची किल्ली, अपलोड केलेल्या फाइलचे नाव, कार्यक्रमाच्या प्रवेशिकेवरचा कोड अशा असंख्य ठिकाणी प्रोग्रामरला ‘एक रँडम हेक्स स्ट्रिंग’ लागते.

हे काम खरे तर दोन स्वतंत्र पायऱ्यांचे आहे. आधी हवे तितके रँडम बाइट मिळवायचे आणि मग ते हेक्समध्ये लिहायचे. दुसरी पायरी निव्वळ लेखनाची आहे, तिने रँडमपणात तिळभरही भर पडत नाही. स्ट्रिंग कितीही लांब आणि गुंतागुंतीची दिसली, तरी तिची ताकद पहिल्या पायरीत आलेल्या बाइटांइतकीच असते. या विषयातील बहुतेक गंभीर चुका या दोन पायऱ्यांची गल्लत केल्यामुळे झालेल्या आहेत.

लांबीचा घोळही इथेच होतो. बहुतेक भाषांतील तयार फंक्शने बाइटांची संख्या मागतात आणि चिन्हे त्याच्या दुप्पट देतात. १६ मागितले की ३२ चिन्हांची स्ट्रिंग हाती येते. डेटाबेसच्या रकान्याची लांबी १६ ठेवलेली असेल, तर काही डेटाबेस चूक दाखवून थांबतात, काही मात्र निमूटपणे अर्धी स्ट्रिंग कापून साठवतात. म्हणून रचना ठरवताना ‘१६ बाइट, म्हणजे ३२ चिन्हे, म्हणजे १२८ बिट’ असे तिन्ही आकडे एकत्र लिहून ठेवावेत.

किती लांबी पुरेशी?

एक उदाहरण घेऊ. चेन्नईतील एका मराठी मंडळाला गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांसाठी ५,००० प्रवेशिका काढायच्या आहेत. प्रत्येक प्रवेशिकेवर क्यूआर कोड असेल आणि त्यात एक हेक्स कोड. छापायला सोयीचा म्हणून कोणी सहा चिन्हांचा कोड सुचवतो. सहा चिन्हांत १,६७,७७,२१६ वेगवेगळे कोड बसतात, प्रवेशिका तर फक्त पाच हजार. तेव्हा एकच कोड दोनदा निघण्याची भीती वरवर वाटत नाही. प्रत्यक्ष हिशेब वेगळा आहे. पाच हजारांपैकी कोणतीही दोन तिकिटे जुळली तरी घोटाळा होतो आणि अशा जोड्या सव्वा कोटीच्या घरात जातात. गणित केले तर निदान एक तरी कोड दोनदा निघण्याची शक्यता ५२ टक्क्यांवर येते. दारावर दोन कुटुंबे एकाच कोडची प्रवेशिका घेऊन उभी राहण्याचा संभव निम्म्याहून जास्त!

संभाव्यताशास्त्रात हा ‘वाढदिवसाचा प्रश्न’ म्हणून ओळखला जातो. २३ जणांच्या गटात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, हे त्याचे नेहमीचे रूप. लक्षात ठेवण्यासारखा ठोकताळा असा, की एकूण शक्य कोडांच्या वर्गमुळाच्या आसपास संख्या पोहोचली की टक्कर, म्हणजे तोच कोड दोनदा निघणे, दिसू लागते. चार चिन्हांच्या स्ट्रिंगला ती सुमारे ३०० कोडांवर, आठ चिन्हांच्या स्ट्रिंगला सुमारे ७७,००० कोडांवर निम्म्या शक्यतेने गाठते. सोळा चिन्हांसाठी हाच आकडा ५०० कोटींच्या पुढे जातो. मंडळाने आठ चिन्हे घेतली तर पाच हजार प्रवेशिकांत टक्कर होण्याची शक्यता ०.३ टक्क्यांहून थोडी कमी राहते आणि बारा घेतली तर सव्वादोन कोटींत एक इतकी उरते.

पण टक्कर टळली म्हणजे काम संपले असे नाही. दुसरा प्रश्न अंदाजाचा आहे. सहा चिन्हांच्या कोडांत पाच हजार वैध असतील, तर कोणताही कोड ठोकून पाहिल्यास सरासरी ३,३५५ प्रयत्नांत एक खरा निघतो. आठ चिन्हांत हे प्रमाण साडेआठ लाखांवर जाते, पण तपासणीचे पान सेकंदाला शंभर विनंत्या स्वीकारत असेल तर तेवढे प्रयत्न अडीच तासांच्या आत संपतात. म्हणजे टक्कर टाळायला पुरेशी असलेली लांबी घुसखोराला थोपवायला पुरत नाही. ज्या स्ट्रिंगच्या आधारे कोणाला काही मिळते, मग तो प्रवेश असो, पैसे असोत किंवा एखाद्याची माहिती, ती १६ बाइटांहून लहान नसावी. १२८ बिटांत मावणाऱ्या शक्यता ३४ वर ३७ शून्ये इतक्या आहेत; पाच हजार काय, पाचशे कोटी टोकन वाटली तरी त्यांतले एखादे अंदाजाने सापडणे अशक्यप्राय राहते. संकेतलेखनाच्या किल्लीसाठी त्या पद्धतीला लागतात तेवढेच बाइट घ्यावेत. २५६ बिटांच्या एईएससाठी ३२ बाइट, म्हणजे ६४ चिन्हे. वेबपानावरच्या एखाद्या चौकोनाला रँडम रंग द्यायचा असेल तर सहा चिन्हे आणि भाषेतले साधे रँडम फंक्शन खुशाल वापरावे. तिथे कोणाचे काही बिघडत नाही.

बाइट येतात कुठून?

संगणक दिलेल्या सूचना जशाच्या तशा पाळतो, त्यामुळे त्याच्याकडून अनपेक्षित काही मिळवणे मुळातच अवघड आहे. प्रोग्रामिंग भाषांतील साधी रँडम फंक्शने ‘सीड’ नावाची एक सुरुवातीची संख्या घेतात आणि ठरलेल्या सूत्राने तिच्यातून पुढच्या संख्या काढत जातात. सीड तेच असेल तर सारी मालिका तीच येते. पायथनचे ‘रँडम’ मॉड्यूल यासाठी मेर्सेन ट्विस्टर ही पद्धत वापरते. मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये विकसित केलेल्या या पद्धतीचे आवर्तन दोनाच्या १९,९३७ व्या घातातून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येएवढे लांब आहे आणि संख्याशास्त्रीय कसोट्यांत ती चांगली उतरते. सिम्युलेशनसाठी ती उत्तम. मात्र तिने दिलेल्या ३२ बिटांच्या सलग ६२४ संख्या ज्याने पाहिल्या, त्याला तिची अंतर्गत अवस्था मांडता येते आणि पुढची प्रत्येक संख्या आधीच सांगता येते. जावाच्या जुन्या ‘रँडम’ वर्गाचे सीड अवघे ४८ बिटांचे आहे. क्रोम आणि नोडमागच्या व्ही-८ इंजिनातील ‘मॅथ डॉट रँडम’ २०१५ च्या अखेरीस एक्सओआर-शिफ्टच्या सुधारित पद्धतीवर आले, तेही वेग आणि वितरण सुधारण्यासाठी. गुप्तता हा त्याचा उद्देश कधीच नव्हता.

यावर उपाय म्हणून अनेकदा वेगळीच युक्ती दिसते: घड्याळातील वेळ घ्यायची, तिचा एसएचए-२५६ हॅश काढायचा आणि येणारी ६४ चिन्हांची स्ट्रिंग टोकन म्हणून वापरायची. दिसायला ती निर्दोष असते. पण हॅश हे ठरलेले सूत्र आहे. तेच आत टाकले की तेच बाहेर येते. चेन्नईतल्या एखाद्या सर्व्हरने मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ घेऊन पासवर्ड बदलण्याचे टोकन बनवले असे समजू. दुवा मागितल्याचा सेकंद हल्लेखोराला माहीत असतो, कारण मागणी त्यानेच केलेली असते. शिवाय सर्व्हरच्या उत्तरात तारीख-वेळ आलेलीच असते. एका सेकंदात मायक्रोसेकंद दहा लाख. म्हणजे तपासायचे कोड दहा लाख, सुमारे २० बिट, हेक्सची जेमतेम पाच चिन्हे. साध्या लॅपटॉपला एवढे हॅश काढायला एक-दोन सेकंद पुरतात. पीएचपीतील ‘युनिक-आयडी’ फंक्शनची तेरा चिन्हे अशीच वेळेतून आलेली असतात, त्यामुळे ते टोकनसाठी मुळीच वापरू नये.

असे प्रत्यक्षात घडलेही आहे. १९९५ मध्ये बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी दाखवून दिले, की नेटस्केप ब्राउझरचे सीड दिवसाची वेळ आणि चालू प्रक्रियांचे क्रमांक यांतून बनत होते. कूटलेखनाची पद्धत भक्कम होती, पण किल्ली मोजक्या शक्यतांतून शोधून काढता येत होती. डेबियन लिनक्सचा प्रकार याहून बोलका आहे. २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या डेबियन आवृत्तीतून दोन ओळी काढल्या गेल्या आणि रँडमपणाचा एकमेव स्रोत उरला तो प्रक्रियेचा क्रमांक. तो ३२,७६८ च्या आत असल्यामुळे एका प्रकारच्या यंत्रावर एका लांबीच्या तेवढ्याच किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. लुसियानो बेल्लो यांच्या लक्षात ही गोष्ट आली आणि मे २००८ मध्ये ती जाहीर झाली. मधल्या दीड-पावणेदोन वर्षांत बनलेल्या सगळ्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. या काळात त्या किल्ल्यांकडे पाहून कोणालाही संशय आला नव्हता, कारण दिसण्यात त्यांच्यात काहीच उणे नव्हते.

म्हणून नियम एकच: बाइट ऑपरेटिंग सिस्टिमकडून घ्यावेत. कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क यांच्या व्यत्ययांच्या वेळांतील सूक्ष्म फरक आणि प्रोसेसरमधील विद्युत गोंगाट यांतून सिस्टिम अनिश्चितता गोळा करते, म्हणजेच एन्ट्रॉपी, आणि तिच्या आधारे संकेतलेखनाच्या दर्जाचे बाइट पुरवते. लिनक्समध्ये २०१४ च्या ३.१७ आवृत्तीपासून ‘गेट-रँडम’ हा सिस्टिम कॉल यासाठी आहे. विंडोज आणि मॅक यांचे आपापले मार्ग आहेत. यंत्र नुकतेच सुरू झाले असेल आणि पुरेशी एन्ट्रॉपी जमलेली नसेल तर ‘गेट-रँडम’ थांबून राहतो, हे त्याचे वैशिष्ट्य. तो थांबतो म्हणून चिडून साध्या फंक्शनकडे वळणारे लोक आहेत. ही वाट घातक आहे.

तरमणी आणि खरा रँडमपणा

रँडम बाइटांचा उगम हा चेन्नईत गंभीरपणे अभ्यासला जाणारा विषय आहे. शहराच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या सुरुवातीला असलेल्या तरमणीत २००० साली टायडल पार्क उभे राहिले आणि सॉफ्टवेअरचा व्यवसाय तिथून पुढे सिरुसेरीपर्यंत पसरला. त्याच तरमणीत गणितीय विज्ञान संस्था आहे, आयआयटी मद्रासचे रिसर्च पार्क आहे आणि २००२ पासून काम करणारी, थोडक्यात ‘सेट्स’ म्हणून ओळखली जाणारी इलेक्ट्रॉनिक व्यवहार व सुरक्षा संस्थाही आहे. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाशी जोडलेली ही संस्था संकेतलेखन आणि हार्डवेअर सुरक्षेवर संशोधन करते. संकेतशास्त्रावरची ‘इंडोक्रिप्ट’ ही भारतीय परिषद २००१, २००४, २०११ आणि २०१७ मध्ये चेन्नईतच भरली होती.

क्वांटम भौतिकीवर चालणारी रँडम संख्या जनित्रेही या परिसराशी जोडलेली आहेत. प्रकाशाचा एकेक कण अर्धपारदर्शक आरशावर पडला की तो आरपार जाईल की परावर्तित होईल, हे आधी सांगता येत नाही. हे माहितीच्या अभावामुळे होत नाही. निसर्गाचा नियमच तसा आहे. अशा घटनांतून बिट काढणारी यंत्रे बनवणारी बंगळुरूची क्यूनू लॅब्स २०१६ मध्ये आयआयटी मद्रासच्या रिसर्च पार्कमध्येच रुजली. पुढे आयआयटी मद्रासमधील सिलिकॉन फोटॉनिक्सच्या केंद्राने असे जनित्र चिपवर आणले आणि २०२५ मध्ये त्याचे तंत्रज्ञान उद्योगाकडे सोपवले.

मग वेब-अॅप लिहिणाऱ्याने असे जनित्र विकत घ्यावे का? बहुतेकांना त्याची गरज नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला एकदा २५६ बिटांची खरी अनिश्चितता मिळाली की तिच्यातून पुढे कितीही बाइट सुरक्षितपणे काढता येतात. बँका, संरक्षण यंत्रणा किंवा क्वांटम किल्ली-वितरणाचे जाळे यांना स्वतंत्र, तपासता येणारा स्रोत हवा असतो. बाकीच्यांनी पैसे आणि लक्ष दुसरीकडे लावावे.

मात्र ती पहिली २५६ बिटे खरोखर मिळाली आहेत ना, याची खात्री दोन ठिकाणी जरूर करावी. एक, क्लाउडवरची आभासी यंत्रे. मायक्रोसॉफ्ट अॅझ्युरचा ‘साउथ इंडिया’ विभाग २०१५ पासून चेन्नईत आहे आणि तिथे किंवा अन्यत्र एका चालू यंत्राचा स्नॅपशॉट घेऊन त्याच्या दहा प्रती उभ्या करणे ही रोजची गोष्ट आहे. स्मृतीसकट घेतलेल्या अशा प्रतीत रँडम जनित्राची अवस्थाही नकलली जाते आणि दोन यंत्रे काही काळ तेच बाइट देऊ शकतात. लिनक्सच्या ५.१८ आवृत्तीपासून, आभासीकरणाच्या व्यवस्थेने प्रत झाल्याचे कळवले, तर कर्नल आपली अवस्था बदलून घेतो. म्हणून जुने कर्नल तसेच चालू ठेवू नयेत आणि प्रतिमेत आधीच तयार केलेली कोणतीही किल्ली ठेवू नये. दुसरे ठिकाण म्हणजे छोटी उपकरणे: राउटर, मीटर, सेन्सर. त्यांना ना कीबोर्ड ना डिस्क, आणि किल्ली तर पहिल्यांदा चालू होतानाच बनवायची असते. २०१२ मध्ये इंटरनेटवरील किल्ल्यांची व्यापक पाहणी झाली तेव्हा अशाच उपकरणांच्या हजारो किल्ल्यांत सामाईक अवयव सापडले आणि त्या सहज फुटल्या. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रोसेसर ज्या रिस्क-५ या खुल्या रचनेवर आधारलेला आहे, तिच्या २०२१ मधील संकेतलेखन विस्तारात एन्ट्रॉपी मिळवण्यासाठी खास रजिस्टरची तरतूद आहे. पण ती पर्यायी आहे. बोर्ड निवडताना त्यावर एन्ट्रॉपीचा हार्डवेअर स्रोत आहे का, हे माहितीपत्रकात पाहूनच खरेदी करावी.

भाषेनुसार योग्य फंक्शन

पायथनमध्ये ३.६ आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१६ पासून ‘सीक्रेट्स’ हे मॉड्यूल आहे. त्यातील ‘टोकन-हेक्स’ या फंक्शनला १६ ही संख्या दिली की ३२ चिन्हांची स्ट्रिंग तयार. काहीच दिले नाही तर ते स्वतःहून लांबी ठरवते, सध्या ती ३२ बाइट आहे. पण हे पुढे बदलू शकते, म्हणून संख्या स्पष्ट द्यावी. रूबीतील ‘सिक्युअर-रँडम’ मधील ‘हेक्स’ हे फंक्शनही तसेच, एका ओळीचे. नोडमध्ये ‘क्रिप्टो’ मॉड्यूलमधून ‘रँडम-बाइट्स’ बोलवावे आणि मिळालेल्या बफरचे ‘टू-स्ट्रिंग’ हेक्स या पर्यायासह करावे. पीएचपी ७ पासून ‘रँडम-बाइट्स’ आणि ‘बिन-टू-हेक्स’ ही जोडी वापरावी; ‘एमटी-रँड’ वर एमडी-५ लावण्याची जुनी सवय सोडून द्यावी. गो भाषेत ‘रँड’ नावाची दोन पॅकेजे आहेत, एक ‘मॅथ’ खाली आणि एक ‘क्रिप्टो’ खाली. संपादक आपोआप आयात जोडतो तेव्हा चुकून पहिले येऊ शकते. २०२३ मधील १.२० आवृत्तीच्या आधी ‘मॅथ’ खालचे पॅकेज सीड न दिल्यास प्रत्येक वेळी तीच मालिका देत असे, तेव्हा जुन्या गो प्रकल्पात आयातीची ती ओळ सर्वांत आधी तपासावी. टर्मिनलवर एखादी किल्ली हवी असेल तर ‘ओपनएसएसएल रँड’ ही आज्ञा हेक्सच्या पर्यायासह द्यावी, पुढे बाइटांची संख्या.

ब्राउझरमध्ये थोडे जास्त काम पडते. ‘क्रिप्टो’ या वस्तूतील ‘गेट-रँडम-व्हॅल्यूज’ ला आठ बिटांच्या घटकांचा अॅरे द्यावा लागतो. तो भरून आला की प्रत्येक घटक आधार १६ धरून स्ट्रिंगमध्ये बदलायचा आणि डावीकडे शून्य लावून दोन चिन्हांचा करायचा. जावामध्ये ‘सिक्युअर-रँडम’ कडून बाइट घ्यावेत आणि १७ व्या आवृत्तीपासून आलेल्या ‘हेक्स-फॉरमॅट’ ने ते लिहावेत.

डावीकडचे शून्य

शून्य लावण्याची ही पायरी किरकोळ वाटते, पण हेक्स लिहिताना सर्वाधिक चुका तिथेच होतात. ७ या किमतीचा बाइट हेक्समध्ये ‘०७’ असा लिहायला हवा. साधे रूपांतर केले तर नुसता ‘७’ येतो. सोळाहून लहान किमतीचा बाइट सरासरी सोळांत एकदा येतो, म्हणजे १६ बाइटांच्या स्ट्रिंगमध्ये निदान एक तरी असा बाइट असण्याची शक्यता ६४ टक्के. परिणामी तीनपैकी जवळजवळ दोन स्ट्रिंग आखूड निघतात. लांबी कमी होणे हा त्यातला छोटा तोटा. मोठा तोटा असा, की दोन वेगळ्या बाइट-जोड्या एकच स्ट्रिंग देतात: ‘०१’ व ‘२३’ ही जोडी शून्याविना ‘१२३’ होते आणि ‘१२’ व ‘०३’ ही जोडीही ‘१२३’ च होते.

सर्व बाइट मिळून एक मोठा पूर्णांक बनवायचा आणि तो आधार १६ मध्ये लिहायचा, ही जावा प्रोग्रामरांची आवडती पद्धत. तिच्यात फक्त सुरुवातीचे शून्य गळते, म्हणजे सोळांपैकी एक स्ट्रिंग निदान एका चिन्हाने लहान. अशी चूक फार त्रास देते, कारण चाचणी पंधरा वेळा पास होते आणि सोळाव्या वेळी नापास, तेही कोणी काही बदललेले नसताना. जावात आणखी एक खड्डा आहे. तिथे बाइट चिन्हांकित असतो, त्यामुळे ‘इंटीजर’ वर्गाच्या हेक्स फंक्शनला उणे १०० किमतीचा बाइट दिला तर ‘९सी’ ऐवजी पुढे सहा एफ लागून आठ चिन्हे बाहेर पडतात. जावास्क्रिप्टमध्ये ‘मॅथ डॉट रँडम’ चे उत्तर आधार १६ मध्ये लिहून दशांश चिन्हापुढचा भाग घेण्याची एका ओळीची युक्ती फार प्रचलित आहे. तिच्यात स्रोतही कच्चा असतो आणि शेवटची शून्ये गळून लांबीही बदलती राहते.

हेक्सच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. बाइटच्या २५६ किमतींना सोळाने पूर्ण भाग जातो, म्हणून प्रत्येक चिन्ह येण्याची संधी अगदी समान राहते. हेक्सऐवजी ३६ चिन्हांचा, म्हणजे दहा अंक आणि सव्वीस रोमन अक्षरांचा संच घेतला आणि बाइटला ३६ ने भागून बाकी वापरली, तर २५६ मधून चार उरतात. पहिली चार चिन्हे इतरांपेक्षा जास्त वेळा येऊ लागतात. हा कल टाळायला जादा कोड लिहावा लागतो. हेक्समध्ये ती कटकट नाही.

यूयूआयडी आणि हायफन

पुष्कळदा वेगळी स्ट्रिंग न बनवता यूयूआयडी हा ठरलेल्या साच्याचा ओळखक्रमांक घेतला जातो. तो ३२ हेक्स चिन्हे आणि ४ हायफन मिळून ३६ चिन्हांचा असतो. चौथ्या प्रकारच्या यूयूआयडीत १२८ पैकी १२२ बिट रँडम असतात. उरलेले सहा प्रकार दाखवतात, म्हणूनच तिसऱ्या गटाचे पहिले चिन्ह नेहमी ४ दिसते. ओळखीच्या क्रमांकासाठी तो उत्तम. मात्र पहिल्या प्रकारात वेळ आणि सहसा नेटवर्क कार्डाचा पत्ता असतो आणि मे २०२४ च्या मानकात आलेल्या सातव्या प्रकाराची पहिली ४८ बिटे मिलिसेकंदांतली वेळ असते. सातवा प्रकार डेटाबेसच्या अनुक्रमणिकेला सोयीचा पडतो, पण गुप्त टोकन म्हणून त्याचा किंवा पहिल्याचा वापर करू नये.

स्ट्रिंग दुसऱ्या यंत्रणेला द्यायची असेल तर तिचे चिन्हांचे नियम आधी वाचावेत. यूपीआयच्या व्यवहार क्रमांकाची लांबी ३५ चिन्हे आहे आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ फेब्रुवारी २०२५ पासून त्यात अंक व अक्षरे सोडून इतर चिन्ह असलेले व्यवहार नाकारायला सुरुवात केली. ३६ चिन्हांचा हायफनसहित यूयूआयडी इथे दोन्ही कारणांनी बसत नाही. हायफन काढल्यावर उरणारी ३२ हेक्स चिन्हे मात्र आरामात बसतात आणि पुढे तीन चिन्हांची जागाही उरते. लहान की मोठी अक्षरे, हेही ठरवून टाकावे. हेक्समध्ये दोहोंचा अर्थ एकच, पण स्ट्रिंग म्हणून तुलना केली तर दोन्ही वेगळी ठरतात. लहान अक्षरे साठवावीत आणि बाहेरून आलेले आधी लहान करून मग पाहावे.

साठवण आणि तुलना

पासवर्ड बदलण्याचे टोकन किंवा एपीआयची किल्ली डेटाबेसमध्ये उघडी ठेवू नये. तिचा एसएचए-२५६ हॅश साठवावा आणि वापरकर्त्याने पाठवलेल्या टोकनचा हॅश काढून जुळवावा. डेटाबेसची प्रत बाहेर गेली तरी चालू टोकन कोणाच्या हाती लागत नाहीत. पासवर्डसाठी मुद्दाम संथ हॅश लागतो, कारण माणसाने निवडलेला पासवर्ड अंदाजाने सापडतो. १२८ बिटांच्या रँडम टोकनला ती गरज नाही, साधा जलद हॅश पुरतो. दोन गुप्त स्ट्रिंगांची तुलना नेहमीच्या बरोबर चिन्हाने केली तर पहिला फरक दिसताच ती थांबते आणि लागलेल्या वेळेवरून किती चिन्हे जुळली याचा सुगावा लागू शकतो. यासाठी पायथनच्या ‘एचमॅक’ मॉड्यूलमधील ‘कंपेअर-डायजेस्ट’, नोडमधील ‘टायमिंग-सेफ-इक्वल’ ही समान वेळ घेणारी फंक्शने आहेत. टोकन लॉगमध्ये लिहिले जाणार नाही, हेही पाहावे. दुव्यात घातलेले टोकन वेब सर्व्हरच्या नोंदींत आपसूक उमटते, म्हणून त्याला मुदत द्यावी आणि एकदा वापरताच ते रद्द करावे.

नुसता ओळखक्रमांक असेल तर तो १६ बाइटांच्या बायनरी रकान्यात ठेवल्यास ३२ चिन्हांच्या मजकुरापेक्षा निम्मी जागा लागते. लाखो नोंदींच्या तक्त्यात अनुक्रमणिकेसह ही बचत जाणवते. रकान्यावर एकमेवतेचे बंधन घालावेच. टक्कर झाली तर डेटाबेस नकार देईल आणि प्रोग्रामने नवी स्ट्रिंग घेऊन पुन्हा प्रयत्न करावा. आधी शोधून मग घालण्याच्या पद्धतीत दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही जागा रिकामी दिसते, म्हणून तिच्यावर विसंबू नये.

चाचणी

चाचणीत तपासायच्या गोष्टी मोजक्या आहेत: लांबी बरोबर ठरलेली आहे, सगळी चिन्हे शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांतलीच आहेत, आणि काही हजार स्ट्रिंग काढल्या तरी प्रत्येकीची लांबी तीच राहते. शेवटची तपासणी गळालेले शून्य हमखास पकडते. रँडमपणा डोळ्यांनी तपासू नये. ३२ चिन्हांच्या स्ट्रिंगमध्ये एखादे चिन्ह लागोपाठ दोनदा येण्याची शक्यता ८६ टक्के असते. ‘यात दोन सात शेजारी आले, काहीतरी चुकले’ अशी तक्रार आली तर कोड बदलायचे कारण नाही. लागोपाठ सारखी चिन्हे येऊ नयेत अशी अट घातली तर उलट शक्यता कमी होतात आणि स्ट्रिंग दुबळी होते.

चाचणीसाठी ठरावीक उत्तर हवे असेल तर जनित्राला सीड देण्याऐवजी बाइट पुरवणारे फंक्शनच बाहेरून देता येईल अशी रचना करावी. चाचणीत ते ठरलेले बाइट देईल, प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टिमचे. सीड देण्याचा पर्याय खऱ्या कोडमध्ये उरला तर तो कधी ना कधी चालू अवस्थेत ग्राहकांपर्यंत पोहोचतो.

जुन्या प्रणालीत कच्च्या स्रोताची टोकन आधीच वाटली गेली असतील, तर फंक्शन बदलून भागत नाही. डेबियनच्या वेळी दुरुस्त पॅकेज बसवल्यानंतरही जुन्या किल्ल्या तितक्याच कमकुवत राहिल्या होत्या आणि त्या वापरणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर नव्या बनवाव्या लागल्या. नवे फंक्शन बसवले त्याच दिवशी चालू सेशन रद्द करावीत, न वापरलेले दुवे बाद करावेत आणि एपीआयच्या किल्ल्या बदलण्यासाठी ग्राहकांना ठरावीक मुदत देऊन, ती संपताच जुन्या किल्ल्या बंद कराव्यात.